घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घ्यायच्या असतील तर: काय विचारायचं, कसं विचारायचं आणि "म्हणे" कुठं ठेवायचं

कोयनेचा भूकंप ज्यांनी जाणत्या वयात बघितला ती माणसं आता सत्तरी ओलांडून गेलीत, बाहत्तरच्या दुष्काळात ज्या बायांनी खडी फोडली त्यातल्या बऱ्याच जणींना आता ऐकू कमी येतं, आणि बेचाळीसनंतर इंग्रजांना डावलून नाना पाटलांनी चालवलेल्या प्रति सरकारच्या काळात जी पोरं चिठ्ठ्या पोचवायची ती तर शोधून सापडत नाहीत. सातारा-सांगलीकडं दर दुसऱ्या घरात कोणीतरी म्हणत असतं की एकदा बसून आबांचं सगळं लिहून काढलं पाहिजे, आणि मग ऊस जातो कारखान्याला, पोरांच्या परीक्षा येतात, लग्नसराई येते आणि ते राहूनच जातं. कृष्णाकाठच्या गावांतून मी बरीच वर्षं हे काम करतोय, पगारासाठी नाही, आवड म्हणून, आणि ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. वही, पेन, मोबाईल आणि थोडा धीर, एवढ्यावर हे काम होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. माणूस आठवण सांगायला लागलं की त्यात तीन गोष्टी एकदम येतात. काय घडलं ते, सांगणारं माणूस कसल्या स्वभावाचं आहे ते, आणि ते कुठल्या शब्दांत सांगतंय ते. या तिन्ही एकमेकीत इतक्या गुंतलेल्या असतात की आपण घाईघाईत लिहायला लागलो की एक ठेवतो आणि दोन टाकून देतो. कोण फक्त तारखा आणि आकडे लिहून घेतं आणि बाकीचं बडबड म्हणून सोडतं, कोण नुसती गोष्ट रंगवतं आणि साल कुठलं ते विचारतच नाही, कोण सगळं शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत बदलून टाकतं. तिन्ही ठेवायच्या, पण वेगवेगळ्या ठेवायच्या, माझं सगळं सांगणं एवढंच आहे आणि खाली जे काय लिहिलंय ते हे कसं जमवायचं त्याबद्दल आहे.

त्यासाठी वहीची एक साधी पद्धत. उजव्या पानावर माणूस जे बोललं ते, त्याच्याच शब्दांत. डावं पान तुमचं. तिथं तारीख ताडून बघितली का, कोण शेजारी बसलं होतं, सांगताना ते हसलं का गप्प झालं, तुम्हाला काय शंका आली, हे सगळं. उजव्या पानावर तुमचं एक अक्षर पण जाऊ द्यायचं नाही. नंतर पाच-दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी ती वही उघडली तर त्याला कळलं पाहिजे की आजी काय म्हणाल्या आणि तुम्ही काय समजलात.

जायच्या आधीची तयारी

आपल्याकडची जुनी माणसं साल आकड्यात सांगत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांचं कॅलेंडर वेगळं आहे. "थोरला भूकंपात रांगत होता", "लगीन दुष्काळाच्या आदल्या साली", "सासरे मानमोडीत गेले" असं ते बोलतात. त्यामुळं आधी घरी बसून आपल्या भागातल्या मोठ्या घटनांची यादी तारखांसकट करून ठेवा, की ज्यांना बाकीच्या आठवणी अडकवता येतील. आमच्या पट्ट्यासाठी माझी यादी साधारण अशी आहे. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, हे आता प्रत्यक्ष बघितलेलं कोणी भेटणार नाही पण आईवडलांकडून ऐकलेलं भेटतं. ७ जून १९४३ ला प्रति सरकारच्या माणसांनी शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि त्याच्या पुढचे काही दिवस आपल्या भागात फार वाईट गेले, त्याबद्दल खाली लिहितो. १९४९ ला सातारा जिल्ह्याचा तुकडा पाडून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचंच नाव सांगली झालं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ. मग पूर, २००५, २०१९, २०२१.

ही यादी हाताशी असली की हिशोब भराभर लागतो. थोरला भूकंपात रांगत होता म्हणजे तो सात ते दहा महिन्यांचा, म्हणजे जन्म ६७ च्या सुरुवातीचा. मग शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून कशी काय, असं विचारत बसू नका, त्या काळात गुरुजी पोराला शाळेत घालताना अंदाजानं १ जून टाकायचे, खेड्यातली निम्मी माणसं तुम्हाला १ जूनला जन्मलेली सापडतील. दाखला हा कागद आहे म्हणून तो खरा आणि आईची आठवण तोंडी आहे म्हणून ती कच्ची, असं धरून चालायचं नाही. इथं बहुतेक वेळा आईच बरोबर असते.

जिल्ह्याच्या नावाचं पण ध्यानात ठेवा. कुंडलचा म्हातारा माणूस "आमच्या सातारा जिल्ह्यात" म्हणाला तर त्याला सांगली म्हणून दुरुस्त करू नका. आणि तेवढ्यावर भागत नाही, कारण कुंडल औंध संस्थानात होतं, सांगली स्वतः पटवर्धनांचं संस्थान होतं, आणि मधली कितीतरी गावं थेट इंग्रजी अंमलात. एका गावचा माणूस "सरकार" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात औंधचे राजे पंतप्रतिनिधी असू शकतात आणि शेजारच्या गावचा म्हणतो तेव्हा कलेक्टर. "कुठलं सरकार?" हे विचारायलाच लागतं.

तिथी सांगितली तर ती तशीच लिहून घ्या, तारीख करायच्या नादाला तिथंच लागू नका. शकाचं सोपं आहे, ७८ मिळवायचे, आणि गोष्ट जानेवारी ते पाडव्याच्या मधली असेल तर ७९. भूकंप शके १८८९ च्या मार्गशीर्षातला. पण सणावरून सांगितलं तर जरा जपून. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी असं कोणी सांगितलं तर कुठला बेंदूर ते विचारा, कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात असतो आणि महाराष्ट्रीय आषाढात, सांगलीकडं दोन्ही पाळणारी गावं आहेत, एका महिन्याचा फरक पडतो आणि पेरणीच्या दिवसात महिना म्हणजे सगळंच बदललं.

प्रश्न कसा विचारायचा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. आपण चांगल्या मनानं विचारतो आणि आपल्याच शब्दानं समोरच्याची आठवण बदलून टाकतो. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि मग विचारलं की गाड्यांचा वेग किती होता. सगळ्यांना प्रश्न तोच, फक्त क्रियापद बदललेलं. काहींना विचारलं गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा, काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर आपटून चुराडा झाल्या तेव्हा. नुसतं "लागल्या" ऐकलेल्यांनी सरासरी ताशी ३२ मैल सांगितला, "चुराडा" ऐकलेल्यांनी जवळजवळ ४१. आणि पुढच्या प्रयोगात एका आठवड्यानं परत बोलावून विचारलं की फुटलेली काच बघितली का, तर चुराडावाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साध्या "धडकल्या" शब्दावाले ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ती शिकलेली पोरं होती आणि कोणी खोटं बोलत नव्हतं, प्रश्नातला शब्दच आठवणीत जाऊन बसला.

आता आपल्याकडं लावून बघा. "आजी, पुराचं पाणी घरात किती घुसलं होतं?" असं विचारलं की पाणी घरात आलंच होतं आणि ते घुसलं, हे तुम्ही ठरवून टाकलं. त्यापेक्षा "पाणी कुठवर आलं?" एवढंच. "तेव्हा सावकार लई त्रास द्यायचे ना?" असं विचारू नका, "पैशाची गरज लागली तर कोणाकडं जायचा?" विचारा. "तुम्ही घाबरला असाल ना" हे तर कधीच नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं भिडस्त असतात, घरी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जड जातं, तुम्ही जे सुचवाल त्याला "व्हय की" म्हणून मोकळी होतात. हा "व्हय की" ऐकू आला की समजायचं आपला प्रश्न चुकला, तो प्रश्न डाव्या पानावर लिहून ठेवायचा आणि थोड्या वेळानं वेगळ्या वाटेनं परत यायचं.

मग काय विचारायचं? तर अंगाजवळचं विचारायचं. कुठं उभ्या होता, हातात काय होतं, चुलीवर काय होतं, पायात काय होतं, शेजारी कोण होतं, आवाज कसला आला. "दुष्काळ कसा होता" याला उत्तर "लई वाईट" एवढंच येतं, आणि खरं पण तेच आहे, पण त्यात लिहिण्यासारखं काही मिळत नाही. "खडी फोडायला जाताना भाकरी कशाची न्यायचा?" म्हणून विचारलं तर मिलो निघतो, परदेशातनं आलेली लाल ज्वारी, तिच्या भाकरीचा रंग, ती पोरांना कशी आवडायची नाही ते, मग दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी निघते, मुकादम निघतो, हजेरीचा कागद निघतो, कोण कोणाचं पोर सांभाळायचं ते निघतं, तासभर तुम्हाला बोलायला लागत नाही. आटपाडी, जत, माण, खटाव या बाजूच्या बायकांकडं बाहत्तरचं जेवढं आहे तेवढं मला कुठल्या कागदात भेटलेलं नाही.

आणि गप्प बसायची सवय करा. माणूस थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, बऱ्याचदा ते आत शोधत असतं, आणि तेवढ्यात आपण पुढचा प्रश्न टाकला की ते सापडत आलेलं हातचं जातं.

बायकांशी बोलायचं असेल तर एकटीशी बोला, म्हणजे बाहेरच्या सोप्यात नाही, आत, काम चालू असताना, शेंगा फोडत, लसूण सोलत. सोप्यात बसून आज्जीला विचारलं तर उत्तर आजोबा देतात, आजोबा नसले तर मुलगा देतो, "तिला काय आठवणार" म्हणतो, आणि आज्जी पदर सावरून गप्प बसते. मुलाला प्रेमानं कायतरी काम सांगून बाहेर पाठवा. दोघांचं ऐकायचंच आहे, पण वेगवेगळं.

"म्हणे" जाऊ देऊ नका

आता भाषेकडं येतो, कारण तथ्य कुठनं आलं ते आपली बोली स्वतःच सांगत असते, फक्त लिहून घेणारा ते खोडून टाकतो. म्हातारं माणूस बोलताना बघा, "पूल पडला" वेगळं, "पूल पडला म्हणं" वेगळं, "पूल पडला आसंल" वेगळं, "पूल पडल्याला दिसतोय" वेगळं. पहिल्यात ते छातीठोक सांगतंय, दुसऱ्यात दुसऱ्याच्या तोंडचं सांगतंय, तिसऱ्यात अंदाज आहे, चौथ्यात खूण बघून काढलेला अर्थ आहे. बोलणारं माणूस हे न शिकवता नीट वापरतं. आणि आपण वहीत लिहितो, पूल पडला. झालं, ऐकीव गोष्टीची बघितलेली गोष्ट झाली आणि आता ती कोणाला उलटी करता येणार नाही. म्हणून म्हणं, म्हणत्यात, आसंल, वाटतंय, कोण जाणे, देवाला ठावं, असला एकेक शब्द उजव्या पानावर आलाच पाहिजे. आणि जिथं "म्हणं" आलं तिथं पुढचा प्रश्न ठरलेला, कोण म्हणं?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारला लोक पत्री सरकार म्हणायचे हे सगळ्यांना माहीतच आहे. का म्हणायचे? गावात विचारलं तर दहातली नऊ माणसं सांगणार, फितुरांच्या आणि गुंडांच्या पायाला पत्र्या ठोकायचे, बैलाला ठोकतात तशा, म्हणून पत्री. दुसरं म्हणणं असं आहे की प्रति सरकार हा शब्दच लोकांच्या तोंडी घासून पत्री झाला, तळव्यांवर काठीनं मारायची शिक्षा असायची आणि त्या नावावरनं पत्र्यांची गोष्ट तयार झाली. आता तुमच्यासमोर पंच्याऐंशीचे आजोबा बसलेत आणि ते सांगतायत की पत्र्या ठोकायचे. काय करायचं? वाद घालायचा नाही, मान पण डोलवायची नाही. एवढंच विचारायचं, "आजोबा, तुम्ही कोणाच्या पायाला बघितल्या का?" मग ऐका. बहुतेक वेळा ते थांबतात, आणि "मी न्हाय, पर आमच्या चुलत्यानं बगितल्याल्या" असं कायतरी येतं. मग चुलते कुठं होते, कोणाचे पाय होते, तो माणूस नंतर लंगडायचा का. कधी कधी धागा खरंच एखाद्या माणसापर्यंत जातो आणि कधी दुसऱ्या चुलत्याकडं जाऊन विरतो. दोन्ही लिहून घ्या. पत्री ठोकल्याचं ठरलं नाही तरी लोकांना असं का सांगावंसं वाटत होतं हे तर तथ्यच आहे ना, एवढ्या मोठ्या इंग्रज सरकारच्या नाकाखाली खेड्यातली पोरं न्याय करतायत आणि त्यांची जरब बसलीय, ही जरब त्या शब्दात आहे. ती डाव्या पानावर जाते.

स्वभाव ओळखून ऐकायचं

काही माणसं वाढवून सांगतात. कमरेएवढं पाणी त्यांच्याकडं छातीपर्यंत जातं, चार पोलीस चाळीस होतात. पण अशा माणसाला माणसं मात्र छान लक्षात असतात, कोण काय बोललं, कोणाच्या अंगात कसला सदरा होता, कोण रडलं, त्यांच्याकडनं आकडे घ्यायचे नाहीत, माणसं घ्यायची. काही उलटी, सगळं कमी करून सांगणारी, आणि आपल्याकडं हीच जास्त, विशेषतः ज्यांनी जास्त सोसलंय ती. "काय न्हाय, जरा हाल झालं" एवढ्या वाक्यात अख्खं साल गुंडाळतात. त्यांचं "जरा" लिहून घ्या आणि मग हळूहळू तपशील विचारत जा, किती दिवस घरात दाणे नव्हते, कोणतं जनावर विकलं, कुठल्या बाजारात, किती रुपयाला.

एक माणूस प्रत्येक गोष्टीत स्वतःला मधी ठेवतं, दुसरं एक असतं ज्याच्या बोलण्यात "मी" येतच नाही, सगळं "आम्ही पोरं", "आमच्या वाड्यातले". अशा वेळी सरळ विचारायचं की त्या पोरांत तुम्ही होता का, कारण "आम्ही" म्हणणारा कधी कधी तिथं नव्हताच, तो गावाचं सांगत असतो, आणि ते तो प्रामाणिकपणेच सांगत असतो. आमच्याकडचे एक आजोबा प्रति सरकारच्या तुफान सेनेत कधी नव्हते, पण "आम्ही तुफान सेनेत" म्हणायचे, थोरला भाऊ होता, आणि त्यांना तो वेगळा वाटतच नव्हता. याला खोटं म्हणणं मला पटत नाही. पण वहीत मात्र लिहिलंच पाहिजे की भाऊ होता, हे नव्हते.

तीच आठवण दहादा सांगून झालेली असते तेव्हा ती गुळगुळीत झालेली असते, ठरलेल्या जागी ठरलेला शब्द येतो, ऐकणारे कुठं हसणार ते पण ठरलेलं असतं. पहिल्यांदाच सांगितली जाणारी आठवण अडखळते, मागंपुढं होते, मधेच "थांब, ते नंतर झालं" येतं. मला दुसरीवर जास्त भरवसा वाटतो. आणि दोन वेळा भेटून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर घाबरू नका, दोन्ही तारखांसकट ठेवा. एक खोडून दुसरी पक्की करायचा अधिकार आपल्याला नाही.

बोली धुवून पुसून घेऊ नका

"गेल्तो", "आल्ती", "करालाईस", "न्हाई", "लगा", "बगितल्यालं", हे असंच लिहा. मला माहितेय की लिहिताना हात आपोआप "गेलो होतो" करतो, शाळेनं तसं वळण लावलंय. पण बोली बदलली की माणूस बदलतं, तेच वाक्य प्रमाण भाषेत आणलं की आजीच्या जागी बातमी देणारी बाई बोलायला लागते. घरातली शिकलेली मंडळी म्हणतील आमची आई अडाणी वाटेल असं लिहू नका. त्यांना शांतपणे सांगा की हे वाचून कोणाला ती अडाणी वाटत असेल तर तो दोष वाचणाऱ्याचा आहे. तरी ऐकत नसतील तर त्यांच्यासाठी एक प्रमाण भाषेतली प्रत वेगळी करून द्या, मूळ मात्र मूळच ठेवा.

कामाधंद्याचे शब्द तर एकेक करून धरून ठेवण्यासारखे आहेत. विहिरीतनं बैलांनी पाणी ओढायची मोट कोणी पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांनी चालताना बघितलेली नाही, मग तिच्या दोरांत नाडा कुठला, सोंदूर कुठला, बैल मागं सरत यायचे ती धाव कशी असायची, हे आजोबांनाच विचारायचं, आणि जमलं तर त्यांच्याकडनंच कागदावर रेघा ओढून घ्यायच्या, रेघा वाकड्यातिकड्या असल्या तरी. मापांचं पण तसंच. शेर, पायली, मण, खंडी, कोस, आणे, हे बदलून किलो आणि रुपये करू नका, कारण शेर-पायलीचं माप गावागणिक वेगळं असायचं आणि तुम्ही केलेला हिशोब चुकायची शक्यता जास्त. आण्याचं ठरलेलं आहे, सोळा आण्यांचा रुपया, आणि ५७ नंतर शंभर नव्या पैशांचा, मधली काही वर्षं दोन्ही नाणी एकदम चालू होती म्हणून बाजारातल्या गोष्टी सांगताना माणसं दोन्हीत बोलतात.

मोबाईलवर रेकॉर्डिंग कराच, पण विचारून करा, फोन समोर ठेवून, लपवून नाही. मोबाईलला आपोआप मजकूर करायला लावला तर तो आपली बोली भलतीच काहीतरी लिहितो, म्हणून कानानं ऐकून हातानं उतरवा. वेळ लागतो, तासाभराच्या बोलण्याला अख्खा दिवस जातो. पण या उतरवण्यातच कळतं की आजी कुठं आवाज खाली आणतात.

ताडून कसं बघायचं

घरी आल्यावर डावं पान भरायचं. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली असतील तर त्या, १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर जे आता इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं, शाळेचं जनरल रजिस्टर, तलाठ्याकडचे फेरफार, देवळाच्या पायरीवरचे शिलालेख, घरातल्या जुन्या वह्या. सांगलीत पुराचं असेल तर आयर्विन पुलाजवळची पातळी हा मोठाच आधार आहे, हा पूल १९२९ चा, इथं ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मग एखादे काका म्हणाले की २००५ चा पूर एकोणीसपेक्षा मोठा, तर पुलाचा आकडा त्यांच्या विरुद्ध आहे. पण त्यांच्या घरात २००५ ला माणसं अडकली होती आणि २०१९ ला ती आधीच बाहेर पडली होती असं असू शकतं, म्हणजे त्यांच्यासाठी मोठा पूर २००५ चाच. आकडा डावीकडं, काका उजवीकडं, आणि मधी हे कारण विचारून घेतलेलं.

भूकंपाचं बघा. पाटण भागातली माणसं तुम्हाला सांगतील "धरणानं भूकंप आणला". ऐकणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. कोयनेचं धरण भरायला लागल्यावर, म्हणजे १९६२ पासून, तिथं धक्के जाणवायला लागले, आणि जलाशयामुळं चालना मिळालेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभरात शास्त्रज्ञ कोयनेचंच नाव घेतात. पाण्यानं भूकंप तयार केला असं त्यांचं म्हणणं नाही, जमिनीत आधीच ताण होता आणि पाण्यानं तो सुटायला चालना दिली असं आहे, तरी पाटणच्या त्या माणसांचं वाक्य ज्ञानाच्या फार जवळ उभं आहे. म्हणून ताडून बघायच्या आधी हसायचं नाही.

शेजारच्या गावाला पण विचारा. एकाच तंट्याची गोष्ट नदीच्या दोन काठांवर दोन तऱ्हेनं सांगतात.

जिथं जपून जायचं

अठ्ठेचाळीसची जाळपोळ. गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, कितीतरी कुटुंबं गाव सोडून गेली. ज्यांची घरं गेली त्यांची मुलं आहेत, ज्यांनी लावली त्यांची पण आहेत, आणि ज्यांनी शेजाऱ्याला परड्यात लपवलं त्यांची पण. हे विचारूच नये असं मी म्हणणार नाही, विचारलं पाहिजे, पण ओळख चांगली झाल्यावर, एकट्यात, आणि सांगणाऱ्यानं "हे लिहू नको" म्हटलं तर पेन खाली. तसंच जमिनीची भांडणं, पाणवठ्यावर कोणाला येऊ देत नव्हते ते, घरातून निघून गेलेल्या बायका. पाणवठ्याचं ज्याला अडवलं त्याच्याकडनं ऐका, अडवणाऱ्याच्या घरात "आमच्यात तसलं काय नव्हतं" हेच ऐकायला येतं आणि ते वाक्य सुद्धा लिहून घ्यायचं. हयात असलेल्या तिसऱ्या माणसाचं नाव वाईट गोष्टीत आलं तर नावाच्या जागी खूण ठेवा आणि नावाची चिठ्ठी वेगळी ठेवा.

शेवटचं काम म्हणजे वाचून दाखवणं, आणि हे बहुतेक जण करत नाहीत. उतरवून झाल्यावर उजवं पान त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, सावकाश, जिथं ते थांबवतील तिथं थांबून. "आसं न्हाय म्हणलो मी" येईल, नवीन नावं येतील, एखादं साल बदलेल. पहिला मजकूर खोडायचा नाही, खाली त्या दिवसाची तारीख टाकून दुरुस्ती लिहायची. काढून टाका म्हणाले तर मात्र काढून टाकायचं, वाद न घालता. प्रत्येक बैठकीच्या वर चार ओळी असल्याच पाहिजेत, कोणी सांगितलं आणि त्यांचं वय काय, कुठं बसून, कुठल्या तारखेला, आणि तिथं अजून कोण कोण हजर होतं. रेकॉर्डिंगच्या फाईलला पण हेच नाव द्या, नाहीतर वर्षभरानं कुठला आवाज कोणाचा ते तुम्हालाच कळणार नाही. आणि एक छापलेली प्रत त्यांच्या घरात द्या, मोठ्या अक्षरात, म्हणजे त्यांना स्वतःला वाचता येईल नाहीतर नातवाकडनं वाचून घेता येईल.